पाच तारे आणि सतरा नंबरचं ताट

आई,

आज ऑफिसात एका कागदावरून आमच्या साहेबांशी वाजलं आणि मला इतका संताप आला की मी पाण्याची बाटली घेतली आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. दोन घोट पाणी प्यायले. तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून घरी येऊन लिहायला बसले आहे. तुला अक्षरं जेमतेम वाचता यायची, म्हणजे तू असतीस तरी हे पत्र मीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि चौथ्या ओळीलाच तू म्हणाली असतीस, "पाल्हाळ लावू नको, झालं काय ते सांग." तर सांगते. आमच्या कंपनीने एका म्हाताऱ्या माणसाला लडाखला पाठवलं. तिथे त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरलं. मरता मरता वाचला. आता कंपनीला असं लिहून हवं आहे की त्याने आपली तब्येत आमच्यापासून लपवली. आणि त्या लिहिण्याखाली सही हवी आहे ती माझी.

आमची कंपनी म्हणजे काय, हे तुला कसं सांगू? तुझ्या मास्तरांची यात्रा कंपनी म्हणजे एक बस, वाशीतल्या दुकानाच्या माळ्यावर एक टेबल, शाळेतून रिटायर झालेले मास्तर स्वतः, आणि पाठीमागच्या सीटवर भांड्यांच्या पेटाऱ्यांमध्ये अंग चोरून बसलेली त्यांची स्वयंपाकीण, म्हणजे तू. आमच्याकडे बस नाही. स्वयंपाकी नाही. प्रवासी ज्याच्या दारात येऊन भांडेल असा माणूस नाही. ऐरोलीत काचेच्या इमारतीत एक मजला आहे, तिथे आम्ही सगळे पडद्यांकडे बघत बसतो. लोक घरबसल्या फोनवर बोट फिरवतात, वय आणि हौस सांगतात, आणि यंत्र त्यांची सहल बेतून देतं. वर लिहितं, 'खास तुमच्यासाठी'. शेजारच्यालाही तेच लिहितं. हॉटेलच्या दारावर कुणी 'या, बसा' म्हणत नाही, फोनवर आलेला आकडा दाबला की दार उघडतं. जेवण पुठ्ठ्याच्या डब्यात खोलीच्या बाहेर ठेवलेलं असतं. कुणाचं तोंड बघायला नको, कुणाला आपलं दाखवायला नको, आणि लोकांना म्हणे हेच हवं आहे. आमचे साहेब प्रत्येक मीटिंगमध्ये हे सांगतात. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण त्यांना लोकांना काय हवं ते फार आधी कळलेलं आहे.

यात मी काय करते? मी प्रवाशांना विचारते, 'आवडलं का?' म्हणजे मी नाही विचारत, मी लिहिलेलं वाक्य विचारतं. रोज सकाळी नाश्त्याच्या आधी त्यांच्या फोनवर एक निरोप जातो आणि खाली पाच चांदण्या असतात. किती आवडलं तेवढ्या चांदण्यांवर बोट ठेवायचं. त्याला तारे देणं म्हणतात. हे तारे यंत्र गोळा करतं आणि त्यावरून शिकतं. काय शिकतं ते ऐक, म्हणजे तुझ्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. लडाख उंचावर आहे, हवा विरळ. तिथे उतरलं की एक-दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं, अंगाला सवय होईपर्यंत. आधी आमच्याही सहलीत तो विश्रांतीचा दिवस होता. पण पडून राहायला कुणाला आवडतं? लोकांनी त्या दिवसाला तीन तारे दिले, कुणी दोन. यंत्राने पाहिलं की ह्या दिवसाला मार्क कमी पडतात, आणि यंत्राने तो दिवसच काढून टाकला. त्याच्या जागी घातलं एक तळं, जिथे लोक फोटो काढतात. तारे वाढले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई, मीसुद्धा वाजवल्या.

तुझ्या सहलीत टाळ्याबिळ्या नव्हत्या. मे महिन्याच्या सुट्टीत तू मला बसमध्ये घ्यायचीस. बाबांच्या पाठीला मार्केटात पोत्याने इजा झाली तेव्हापासून घरात कमावणारी तूच, आणि मला एकटीला कोपरखैरण्याच्या खोलीत ठेवायचं तुझ्या जिवावर यायचं. मी तेरा वर्षांची. धर्मशाळेच्या मागच्या अंगाला नळ असतो, तिथे तीन टब मांडलेले असतात, आणि जेवून झालेले प्रवासी आपापलं ताट हातात घेऊन रांगेने येतात. स्टीलची ताटं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर सीटचा नंबर ठोकून घातलेला. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तसा. लोकांना वाटायचं, ताटं चोरीला जाऊ नयेत म्हणून नंबर आहे. खरं कारण फक्त तू, मास्तर आणि मी, तिघांनाच माहीत होतं. ताट टबात जायच्या आधी तू ते एकदा नीट बघायचीस. कुणी पोळीचे काठ टाकलेत, कुणी भात नुसता चिवडलाय, कुणी भाजीला हात लावला नाही पण लोणच्याची फोड चोखून पांढरी केली आहे. मग उष्टं बादलीत झटकून ताट उलटं करायचीस आणि नंबर बघायचीस. तुला अक्षरं धड येत नव्हती, पण आकडे सगळे पाठ होते.

एके दिवशी मला खेळायला जायची घाई होती. मी रांगेतली सगळी ताटं भराभर घेतली आणि थेट पाण्यात टाकली. तू धावत आलीस आणि ओल्या हातानेच माझ्या पाठीत धपाटा घातलास. "बघितल्याबिगर बुडवायचं न्हाय! किती बारी सांगू?" मी रडत रडत म्हटलं, की त्यांना काय होतंय ते विचारायचं की सरळ, उष्टं कशाला बघायचं? तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "इचारलं तर माणूस म्हणणार, बरं हाय, छान हाय. आपली माणसं अशीच. दुसऱ्याला वाईट वाटंल म्हणून मरत आली तरी छान म्हणत्यात. माणूस तोंडानं खोटं बोलतंय पोरी, ताट न्हाय बोलत." आणि वाढणाऱ्यांना तुझी ताकीद असायची की आग्रह करायचा नाही. सहलीत नवीन आलेल्या बायका चकित व्हायच्या. मराठी माणसाच्या पंगतीत आग्रह नाही म्हणजे काय? एकीने तर मास्तरांकडे तक्रार केली होती की तुमची स्वयंपाकीण हात आखडता घेते. तू हसून म्हणालीस, आग्रह केला की लोक मनाविरुद्ध खातात, मग मला ताट काय सांगणार, कपाळ?

आणि तो बँकेतला साहेब आठवतो? बद्रीनाथच्या अलीकडचा मुक्काम. सतरा नंबर. तू मास्तरांना हळूच सांगितलंस, "सतरा नंबर काल सकाळपास्नं भात चिवडतोय, आज तर ताकपण ठेवलं. उद्या वर नेऊ नका त्यांना." मास्तरांनी तुझं ऐकलं आणि साहेबांना सांगायला गेले, तेव्हा तो माणूस सगळ्या बससमोर कडाडला. "ती भांडी घासणारी बाई ठरवणार, मी देवाला जायचं की नाही?" मी तुझ्या मागे लपले होते. तू कढई खाली ठेवलीस आणि अगदी हळू आवाजात म्हणालीस, "साहेब, देव कुठं जात न्हाई. पुढल्या साली या, मी हाय." दुसऱ्या दिवशी बस वर गेली आणि तो माणूस धर्मशाळेच्या ओट्यावर दिवसभर पाठ करून बसला. तू त्याला मऊभात करून दिलास, त्याने तो घेतला नाही, तू तिथेच झाकून ठेवलास. परतल्यावर त्याने मास्तरांना चार पानी पत्र लिहिलं. त्यात तुझ्याबद्दल जे होतं ते मास्तरांनी तुला पुरतं वाचून दाखवलं नाही, पण मी चोरून वाचलं आणि मला आठवडाभर जेवण गेलं नाही. मी म्हटलं, आई, तो तर ठणठणीत होता, त्याला काहीच झालं नसतं कदाचित. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आसंल. रागानं का हुईना, घरी गेला न्हवं?"

हे वाक्य मी आमच्या ऑफिसात कुणाला सांगू?

आता त्या म्हाताऱ्या माणसाचं सांगते. तुला ओळखीचा वाटेल. मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात उभा जन्म माथाडी. बाबांसारखाच, फक्त ह्याची पाठ शाबूत राहिली. मुलगा शिकला, खारघरला फ्लॅट घेतला, आणि त्याच्या मनात आलं की आईबापाला एकदा विमानात बसवावं. फोनवर बोट फिरवलं, लडाख आलं, 'ज्येष्ठांसाठी सुलभ' असं खाली लिहिलेलं होतं, केलं बुकिंग. आमच्या यंत्राने त्याला तब्येतीबद्दल एकच प्रश्न विचारला, 'प्रवासी तंदुरुस्त आहेत का?' मुलाने लिहिलं, हो. का नाही लिहिणार? जो माणूस चाळीस वर्षं पोती उचलत होता, तो तंदुरुस्त नाही तर कोण? आम्ही माणूस पाठवला नाही, फोन केला नाही. मुंबईतून विमानाने थेट त्या उंचीवर उतरवलं आणि दुसऱ्याच दिवशी तळ्याकडे काढलं, कारण विश्रांतीचा दिवस लोकांना आवडत नाही.

मी त्या सहलीची सगळी नोंद काढून बघितली. पहिल्या सकाळी पाच तारे. दुसऱ्या सकाळी पाच. तिसऱ्या सकाळी पाच, आणि खाली मराठीत लिहिलेलं, 'ड्रायव्हर फार सज्जन.' चौथ्या सकाळीही पाच. चौथ्या दुपारी घाटात त्याला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. ड्रायव्हर खरंच सज्जन. त्याने कुणाला न विचारता गाडी फिरवली आणि खाली दवाखान्यात आणली. त्यावर आमच्या ॲपने त्याला काय पाठवलं असेल? 'तुम्ही ठरलेला मार्ग सोडला आहे.' तीनदा पाठवलं.

मुलगा आता जाब विचारतो आहे, म्हणून तो कागद तयार झाला. साहेब मला म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, केस एकदम क्लिअर आहे. डेटा बघा ना. चारही दिवस फाइव्ह स्टार! त्रास होत होता तर माणूस फाइव्ह स्टार देईल का? म्हणजे त्यांनी हेल्थ इश्यू लपवला. तुम्ही मराठी कस्टमर बघता, तुमची सही असली की बरं दिसेल." कागदावर सुबक मराठीत छापलेलं होतं, की प्रवाशाने प्रत्येक टप्प्यावर समाधान व्यक्त केले असून प्रकृतीविषयीची माहिती हेतुपुरस्सर दडवली. हे वाक्यसुद्धा यंत्रानेच लिहिलेलं होतं. 'हेतुपुरस्सर'. ज्याला हेतू म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याने एका माणसाच्या माथी हेतू मारला.

मी म्हटलं, सही करण्याआधी मी त्यांना भेटून येते. साहेबांना गंमत वाटली. "भेटून? कशाला? व्हिडिओ कॉल करा ना."

रविवारी मी कोपरखैरण्याला गेले, तो आणि त्याची बायको अजून तिथल्या जुन्या खोलीतच राहतात. आपल्या जुन्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. खाली पिठाची गिरणी अजून आहे. तो माणूस पलंगावर उशीला टेकून बसला होता. हात एवढाले रुंद, पण मनगटं उतरलेली, आणि दोन वाक्यं बोलला की थांबून श्वास घ्यायचा. मी कंपनीकडून आले म्हटल्यावर तो उठून बसायला लागला. मी म्हटलं, "काका, राहू द्या." त्याच्या बायकोने चहा टाकला. जेवायची वेळ होती, त्याचं ताट स्टुलावर होतं. मी बघितलं. अर्धी भाकरी, आमटीची वाटी रिकामी, भाताची मूद मोडलेली. बरा होतोय, असं माझ्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की कितीतरी वर्षांनी मी कुणाचं तरी ताट बघितलं आहे.

मी त्यांना विचारलं, तिथे पहिल्या दिवसापासून काय काय झालं. बायकोच बोलली. "पयल्या रातीपास्नं डोस्कं दुखतंय म्हणायचं. अन्नावर वासनाच न्हवती. त्यो पुठ्ठ्याचा डबा यायचा, उघडायचं, वास घ्यायचं आन् झाकण लावून ठेवायचं. सकाळी डबं न्यायला येत्यात, ते तसंच झाकण लावल्यालं घेऊन जायचं." मी विचारलं, "मग मावशी, ते चांदण्यांचं? फोनवर रोज पाच दिलेत ते?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेडगळासारखं विचारते आहे. "द्यायला नकोत? पोरानं हौसंनं धाडलं. आन् त्यो डायवर सांगत हुता, चार दिल्या तर त्याला कामावर घेत न्हाईत. आमच्यापायी कुणाच्या पोटावर पाय कशाला? आन् तुमीच तर लिवलं हुतं की, द्या म्हणून. जायच्या आधीच नातवानं फोन शिकवताना वाचून दावलं. लई ग्वाड लिवलं हुतं."

मग तो माणूस बोलला. त्याच मजकुराचं कंपनीचं पत्र, माझ्या सहीची वाट न बघता, ईमेलने मुलाकडे आधीच पोहोचलं होतं, आणि मुलाने रागाच्या भरात ते बापासमोर मोठ्याने वाचलं होतं. "ताई, एक इचारू? मार्केटात चाळीस वर्सं काढली. गाळ्याच्या चाव्या शेटनं माझ्याकडं दिल्या हुत्या. कुणी मला कंदी खोटा म्हटलं न्हाई. तुमच्या कागदात लिवलंय, मी दडवलं." तो थांबला, श्वास घेतला. "मला वाटलं, मोठ्या माणसांचं हाय, बराबरच आसंल. मी दडवलं का हो? मला तर कुणी इचारलंच न्हाई."

आई, मला तिथे रडू आलं नाही. मला राग आला. असा राग की चहाचा कप बशीवर वाजला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा माल आपल्या डोक्यावरून सांभाळून नेला, त्याला आम्ही म्हातारपणी खोटारडा ठरवणार, आणि तोही बिचारा विचार करतो आहे की मोठ्या माणसांनी लिहिलं म्हणजे खरंच असेल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. त्याला फुफ्फुसांतलं पाणी जिरवता आलं, पण 'दडवलं' हा एक शब्द त्याच्या घशाखाली उतरत नव्हता. कोर्टकचेरीचं मुलगा बघेल. ह्या माणसाला फक्त एवढंच हवं होतं की तो खोटं बोलला नाही, असं कुणीतरी म्हणावं. ते म्हणायला यंत्र उपयोगाचं नव्हतं, माणूसच हवा होता.

पण राग कुणावर करू? इथेच मला तुझ्यापुढे मान खाली घालावी लागते. त्या बाईला जे 'लई ग्वाड' वाटलं, ते वाक्य कुणी लिहिलं? मी. दोन वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, मराठी लोक तारे देत नाहीत, काहीतरी घरगुती लिहा, आपलेपणाचं. मी बसले आणि मला तू आठवलीस. सहलीच्या शेवटच्या रात्री, शेवटच्या पंगतीला, तेवढ्या एका दिवशी तू आग्रह करायचीस. जिलेबीची परात घेऊन फिरायचीस आणि म्हणायचीस, "आज ताट लख्ख पाहिजे. ताट लख्ख दिसलं की मला पावलं." लोक हसायचे, जास्तीची जिलेबी खायचे, बायका तुझ्या पाया पडायच्या. ते वाक्य मी उचललं. लिहिलं, 'तुमचे पाचही तारे लख्ख दिसले की आम्हाला पावलं.' आणि ते तू एका दिवशी म्हणायचीस, मी रोज सकाळी म्हणायला लावलं. नाश्त्याच्या आधी. तू वाढणाऱ्यांना ज्याची बंदी केली होतीस तो आग्रह मी हजारो अनोळखी माणसांना रोज करते आहे, आणि वरून म्हणते, त्यांनी सांगितलं ना छान आहे! मराठी प्रवाशांचे तारे वाढले म्हणून मला एक काचेचं मानचिन्हही मिळालं. घरात शोकेसमध्ये आहे.

आणि ह्यांची हौस इथे संपत नाही. आता लोकांना म्हणे यंत्रं नकोशी झाली आहेत, त्यांना 'मायेची' सहल हवी आहे, 'गावाकडची चव' हवी आहे. म्हणून पुढच्या महिन्यापासून आमच्या ॲपवर एक बाई बोलणार. नऊवारी, नाकात नथ, चुलीपुढे बसलेली, आणि डोळ्यांत धुराने आलेलं पाण्याचं एक टिपूस नाही. तिला 'मावशी' म्हणायचं. ती विचारणार, 'जेवलात का?' आणि प्रवासी म्हणणार, हो, छान. ती म्हणणार, मला पावलं. मीटिंगमध्ये हे दाखवलं तेव्हा सगळे 'सो क्यूट' म्हणाले. तू भट्टीपुढे कधी नथ घातली होतीस? तुझ्या खांद्यावर एक मळका पंचा असायचा आणि धुराने डोळे लाल. तुझ्यातलं जे घेण्यासारखं होतं, ते उष्टं बघणं, ते ह्यांना नको. ह्यांना फक्त नथ हवी, जी तुझ्याकडे नव्हतीच.

असो. आज अकरा वाजता साहेबांनी विचारलं, "झाली का सही?" मी म्हटलं, झाली. त्यांनी कागद हातात घेतला आणि वाचत गेले तसा त्यांचा चेहरा बदलला. छापलेलं वाक्य मी खोडलं होतं. खाली हाताने लिहिलं होतं, की प्रवाशाने काहीही लपवलेले नाही. तो चार दिवस जेवला नव्हता आणि त्याचे झाकण लावलेले डबे आमच्याच माणसांनी रोज उचलून फेकले. त्याने दिलेले तारे हे समाधान नव्हे, तो आमच्या आग्रहाला दिलेला मान होता. आग्रहाचा मजकूर माझा आहे. त्याखाली सही केली, तारीख घातली, आणि त्याची एक प्रत त्या घरी पोचवण्यासाठी पाकिटात घालून टपालात टाकली, रजिस्टरने. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार इमोशनल होताय. ह्याचे परिणाम होतात." मी म्हटलं, "होऊ द्या. उद्या मला रागाने घरी पाठवा. घरी तर जाईन." त्यांना काही कळलं नाही. तेव्हाच मी जिन्यात गेले. संतापाने, आणि भीतीनेही, खोटं कशाला सांगू. घराचे हप्ते आहेत, आणि ह्या वयात कोण नवीन नोकरी देतं? पण उद्याचं उद्या.

आता जे सांगायचं म्हणून खरं तर लिहायला बसले, ते सांगते. मास्तरांची कंपनी बंद झाली तेव्हा त्यांनी भांडी वाटली आणि तू एकच ताट मागून आणलंस, सतरा नंबरचं. मी विचारलं, तेच का? तू म्हणालीस, "लई शिव्या खाल्लेलं ताट हाय, ध्यानात ऱ्हातं." खारघरच्या माझ्या घरात तू शेवटपर्यंत त्याच ताटात जेवलीस. मी ऑफिसातून फोन करायचे, "जेवलीस?" तू म्हणायचीस, "जेवले, छान झालं हुतं." डॉक्टरांनी नंतर विचारलं, ह्यांची भूक कधीपासून गेली आहे, आणि मला सांगता आलं नाही. नातेवाइकांना मी म्हटलं, तिने कळूच दिलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मला ते वाक्य इतकं सोयीचं होतं की मी ते तुझ्या दिवसांपर्यंत म्हणत राहिले.

पण ते खरं नाही. शेवटचे दोन-तीन महिने मी संध्याकाळी घरी यायचे तेव्हा सिंकमध्ये सगळ्यांची उष्टी भांडी असायची आणि तुझं ताट धुतलेलं, पुसलेलं, भिंतीला उभं करून ठेवलेलं असायचं. घासायला बाई येत होती, तरी. जिने जन्मभर दुसऱ्यांचं उष्टं वाचलं, ती स्वतःचं ताट कुणी बघायच्या आत धुऊन का ठेवते, हे मला कळायला हवं होतं. आई, मला कळलं होतं. मी त्या ताटाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, बरं झालं, आईचं एक ताट तरी घासायला कमी.